मंदिरावरचं शिर: बीरशहाची लढाई आणि हिराई राणीचा चांदा

ज्यांना ऐकायला सवड मिळत नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली थोडी पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.

मागच्या भागात आपण नॉर्वेच्या हाराल्ड राजाची गोष्ट ऐकली. पंधराव्या वर्षी पहिली लढाई, मग परदेशात बादशहाच्या पदरी चाकरी, परत येऊन गादी, डेन्मार्कशी वर्षानुवर्षं युद्ध आणि शेवटी २५ सप्टेंबर १०६६ ला इंग्लंडच्या भूमीवर मरण. त्या लढाईआधी इंग्लंडच्या राजाने त्याला देऊ केलेली ‘सात फूट जमीन’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आवडली. आणि मी तेव्हाच म्हटलं होतं, की हे लिहिणारा स्नोरी आइसलंडचा, आणि तो लिहीत होता १२३० च्या सुमारास. म्हणजे मध्ये दीडशेहून जास्त वर्षं गेली. ते वाक्य खरंच कोणी बोललं की नंतर कोणाला सुचलं, हे ठरवणं कठीण.

तो भाग गेल्यावर एकाने कळवलं, ‘नॉर्वेपर्यंत कशाला जाता जी, आपल्या चांद्याला राजे नव्हते का?’ होते की. आणि आपल्याकडेही अगदी तशीच एक गोष्ट आहे. सासरा, जावई, नवस, तलवार, आणि मंदिराच्या माथ्यावरचं एक दगडी शिर. आज तीच सांगायची आहे.

पण त्याआधी एक प्रसंग सांगतो, कारण हा भाग खरं तर त्यामुळे होतोय. आरमोरी तालुक्यातल्या एका शाळेत मी गोंड राजांवर बोलायला गेलो होतो. पोरं सातवी-आठवीची. मी ही गोष्ट सांगितली, मुलं रंगली, शिर कापलं म्हटल्यावर मागच्या बाकावरून आवाजही आले. शेवटी विचारलं, काही प्रश्न? एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, ‘सर, मग त्या राजाच्या मुलीचं काय झालं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतकी वर्षं ही गोष्ट सांगतोय, आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो मनात ठेवूनच पुढचं ऐका.

आधी राज्य, मग लढाई

चांद्याचे गोंड राजे म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर परकोट येतो. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर हे चार दरवाजे, त्यांशिवाय लहान खिडक्या, आणि दरवाज्यावर हत्तीला लोळवणारा सिंह. हे त्या घराण्याचं राजचिन्ह.

शहर वसवल्याची गोष्ट तर लहानपणीच कानावर पडते. राजधानी आधी बल्लारपूरला, वर्धा नदीच्या काठी. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर फोड. शिकारीला गेला असता तहान लागली, झरपटच्या कोरड्या पात्रातल्या एका खळग्यातलं पाणी त्याने प्यायलं, तोंड-हातपाय धुतले आणि फोड गेले. तिथे पुढे अंचलेश्वराचं देऊळ झालं. मग एकदा राजाने पाहिलं, की एक ससा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागलाय. कुत्र्याने सशाच्या मागे लागावं, इथे उलटंच! राणी हुशार. ती म्हणाली, ही जागा साधी नाही, ज्या वाटेने ससा धावला त्या वाटेने कोट बांधा.

आता ससा खरा की खोटा यावर भांडत बसू नका. विजयनगरच्या स्थापनेची गोष्टही अशीच सांगतात, तिथेही ससा शिकारी कुत्र्यांवर उलटतो. पण गोष्टीतली एक बाब लक्षात ठेवा. राजा आजारी आहे, आणि शहर कुठे वसवायचं हे राणी ठरवते. हे पुढे कामाला येणार आहे.

आता फौजेकडे या. अकबराच्या काळात अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त चांद्याच्या बाबाजी राजाची नोंद केली आहे. एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ. याच राज्यातल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचाही उल्लेख आहे. वैरागड म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातलं, तो किल्ला अजून उभा आहे.

चाळीस हजार हा आकडा मोजून लिहिलेला असेल असं नाही. अर्धा धरा हवं तर. तरी वीस हजार माणसं. या जंगलात त्यांनी खाल्लं काय? हिरे तर कोणी शिजवून खात नाही.

याचं उत्तर तुम्ही रोज बघता. तलाव. चांद्याचं घराणं हे तलावांचं घराणं आहे. परंपरा अशी सांगते, की हिरशहा राजाने फर्मान काढलं: जो जंगल तोडून गाव वसवेल त्याला ते गाव, आणि जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन सारामाफ. अशा देणगीच्या जमिनीला शब्द होता तुकूम. चंद्रपुरात तुकूमला राहणाऱ्यांनो, ताडोबाच्या रस्त्यावरच्या तुमच्या वस्तीच्या नावात गोंड राजांचा महसूल कायदा बसलाय, बरं का!

काय हुशारी आहे बघा. राजाला स्वतः खर्च करायचा नाही. तलाव मोठा बांधला तर जमीन जास्त मिळेल, म्हणून बांधणारा पाळ नीट घालणार, पाणी जपून फिरवणार. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरीकडे आजही धान पिकतो तो अशा जुन्या तलावांवर आणि बोड्यांवर. पुढे मालगुजारी आली, ती गेली, आणि सरकारी कागदात हे झाले ‘माजी मालगुजारी तलाव’. आपण म्हणतो मामा तलाव. सगळेच गोंडकाळातले नाहीत, पण पद्धत तिथली. स्नोरीच्या गोष्टींत राजा किती जहाजं घेऊन निघाला हे येतं. आपल्या राजाचं बळ मोजायचं तर तलाव मोजावे लागतात.

बीरशहाची गोष्ट, जशी सांगतात तशी

आता मूळ गोष्ट. ही मी परंपरेतली सांगतोय, तेव्हा मध्येच थांबवू नका. शंका नंतर काढू.

बीरशहा चांद्याचा राजा. राणी हिराई. त्यांना एक मुलगी. ती दिली देवगडच्या राजघराण्यात, दुर्गपालला. देवगड म्हणजे नागपूरच्या उत्तरेला, आजच्या छिंदवाडा जिल्ह्यातलं गोंड राज्य. दोन्ही घरं गोंडांचीच, पण आपसात हाडवैर. तर ही सोयरीक जुळली आणि लवकरच बिनसली. दुर्गपालने बायकोचा अपमान केला. मुलीचा निरोप बापाकडे आला. बीरशहा संतापला आणि महाकालीपुढे बोलला: ‘आई, जावयाचं शिर तुझ्या पायाशी आणून वाहीन.’

फौजा भिडल्या. आधी चांद्याची बाजू पडायला लागली. बीरशहा एकटा सापडला. त्याने महाकालीचा धावा केला, आणि सांगतात, की तलवार आपोआप म्यानातून उसळून हातात आली. एका घावात दुर्गपालचं शिर वेगळं. ते चांद्याला आणलं, देवीला वाहिलं. पुढे हिराईने देवीचं मोठं मंदिर बांधलं आणि त्यावर दुर्गपालचं शिर दगडात घडवून बसवलं, देवगडच्या दिशेला तोंड करून. आजही जाणकार माणूस सोबत असेल तर ते दाखवतो.

गोष्ट इथे संपत नाही. बीरशहाने दुसरं लग्न काढलं. त्याच्या पदरी हिरामण नावाचा एक राजपूत होता. त्याच्याकडे म्हणे सिद्ध तलवार. राजाने ती दाखव म्हणून अनेकदा मागणी केली, त्याने टाळलं. लग्नाच्या वरातीत राजाने पुन्हा मागितली. हिरामणने तलवार काढली आणि राजालाच मारलं.

एका तलवारीने जिंकला, दुसऱ्या तलवारीने मेला. गोष्ट सांगणाऱ्याला याहून काय हवं?

कागद काय म्हणतात

आता शंका काढायला हरकत नाही.

चांद्याच्या राजांची जी यादी पुस्तकांतून आणि फलकांवरून फिरते तिचा मोठा आधार आहे मेजर ल्यूसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याचा १८६९ चा जमाबंदी अहवाल. म्हणजे गोंड राज्य जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाल्यावर, शेतसारा ठरवायला आलेल्या माणसाने, ऐकीव माहितीवरून लिहिलेली. आपला स्नोरीच म्हणा. त्या यादीत बीरशहाची कारकीर्द १६७२ ला संपते, आणि त्यानंतरचा रामशहा १६७२ ते १७३५ असा राज्य करतो. त्रेसष्ट वर्षं! अशक्य नाही, पण भुवई उंचावते.

दुसरीकडे मुघलांचे फारसी कागद आहेत, ते त्याच काळात लिहिलेले. ते काय सांगतात?

१६३५ मध्ये ओरछाचा जुझारसिंह बुंदेला शहाजहानच्या फौजेपुढे पळत पळत चांद्याच्या जंगलात आला आणि इथेच गोंडांच्या हातून मारला गेला. १६३७ मध्ये मुघलांनी देवगडवाल्यांकडून नागपूरचा किल्ला घेतला तेव्हा चांद्याचा राजा मुघलांच्या बाजूला होता. म्हणजे चांदा-देवगड वैर ही नुसती गोष्ट नाही, त्याला कागदाचा आधार आहे. १६६७ मध्ये दिलेरखान चांद्यावर आला, आणि राजाने एक कोटी रुपये दंड आणि दरवर्षी दोन लाख खंडणी कबूल केली. या राजाचं नाव कागदात येतं मांजी मल्लार. बीरशहा नाही! यादीप्रमाणे तर तेव्हा बीरशहा गादीवर पाहिजे.

पुढे १६८० च्या दशकात औरंगजेबाने रामसिंह नावाच्या राजाला काढून किसनसिंहाला गादी दिली. किसनसिंह १६९६ ला वारला, आणि मग येतो त्याचा मुलगा, बीरसिंह. हाच आपला बीरशहा. म्हणून आताचे अभ्यासक त्याचा काळ १६९६ ते १७०४ च्या आसपास धरतात, त्यानंतर १७१९ पर्यंत हिराईचा कारभार, आणि मग रामशहा.

त्रेसष्ट वर्षांचं कोडं इथे सुटतं असं मला वाटतं. हा माझा अंदाज, तेवढ्याच किमतीला घ्या. आधीचा रामसिंह आणि नंतरचा रामशहा, असे दोन राम लोकांच्या आठवणीत एक झाले असावेत. आणि दोघांना जोडताना मधली माणसं मागे सरकली. त्यांत बीरशहा तीसेक वर्षं मागे गेला, आणि हिराईची पंधरा वर्षं तर यादीतून पुसलीच गेली.

हे नीट ऐका. यादीत बीरशहानंतर थेट रामशहा. मधली पंधरा वर्षं राज्य चालवणारी बाई गादीवर बसलेला पुरुष नव्हती, म्हणून तिची वर्षं दुसऱ्याच्या खात्यावर पडली.

मग लढाई झाली की नाही? तारीख बदलली तर गोष्ट उलट जास्त पटते. १६९० च्या दशकात देवगड अस्थिर होतं. नागपूर वसवणारा बख्त बुलंद औरंगजेबाविरुद्ध उठलेला, आणि बादशहा देवगडला आवरायला चांद्याच्या घराण्याचा वापर करत होता. अशा वेळी दोन घरांत सोयरीक होणं, ती मोडणं, तलवारी निघणं, हे सगळं शक्य आहे. दुर्गपालचं शिर खरंच ताटात आलं का, हे कागद सांगत नाहीत. पण त्या गोष्टीखालचं वैर खरं आहे. हाराल्डची सात फूट जमीन आणि आपलं हे शिर, दोन्ही एकाच जातीच्या गोष्टी. लढाई खरी, आणि लढाईचं सर्वांत लक्षात राहणारं वाक्य बहुधा नंतरचं.

मग गोष्ट कोणी सांगितली?

नॉर्वेच्या राजाकडे भाट होते. ते पदरी राहायचे, लढाईला जायचे, कवनं करायचे. स्नोरीने त्यांच्यावरच भरवसा ठेवला. तो म्हणतो ते पटण्यासारखं आहे: राजासमोर त्याच्या न केलेल्या पराक्रमाचं कवन गायलं तर ती स्तुती नाही, टिंगल होईल. आपल्याकडे गोंडांचे परधान आहेत, किंगरीवर कुळाच्या, देवांच्या, राजांच्या कथा गाणारे. ती परंपरा मोठी आहे, तिच्यावर वेगळा भाग करू.

पण बीरशहाच्या बाबतीत सांगणारा भाट एकच, आणि तो दगडाचा आहे. चंद्रपुरात अंचलेश्वर दरवाज्याजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांत सगळ्यांत मोठी बीरशहाची. ती बांधली हिराईने. महाकालीचं आजचं मोठं मंदिरही हिराईचं. म्हणजे बीरशहा शूर होता, त्याचा विजय देवीच्या कृपेचा होता, त्याचा शत्रू आजही शिर झुकवून आहे, हे सगळं आपल्याला कळलं ते त्याच्या विधवेने बांधून ठेवलं म्हणून.

आता तिच्या बाजूने बघा. नवऱ्याने जावई मारला, म्हणजे पोटची मुलगी विधवा केली. मग त्याने दुसरं लग्न काढलं, म्हणजे हिच्यावर सवत आणली. त्याच वरातीत तो मेला. गादीला मुलगा नाही. वर औरंगजेबाची फौज दख्खनमध्ये बसलेली, शेजारी देवगड टपलेलं. अशा वेळी तिने काय केलं? चंदनखेड्याच्या भाऊबंदांतला मुलगा दत्तक घेतला, तोच रामशहा. त्याच्या नावाने कारभार पाहिला. आणि बांधकामं काढली.

ते शिर देवगडकडे तोंड करून का बसवलं असेल? भक्ती असेल. पण मला त्यात राजकारणही दिसतं. राजा गेला, वारस लहान, तेव्हा शेजाऱ्याला सांगायचं होतं: इकडे पाहायचं तर आधी हे बघा. फौज न हलवता दिलेला तो दम आहे.

आणि तो चालला. रामशहाच्या हाती राज्य धड आलं. तो इतका सात्त्विक होता की, असं सांगतात, रघूजी भोसले वाईट हेतूने चांद्याला आला आणि त्याला पाहून हात जोडून परत गेला. नंतर नीलकंठशहाच्या वेळी ते टिकलं नाही. १७४९ मध्ये दोन तृतीयांश महसूल भोसल्यांना लिहून द्यावा लागला, १७५१ मध्ये सगळं राज्यच गेलं आणि राजा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत. एवढा मोठा परकोट, पण तो तोफेने पडला नाही. आतली माणसं फुटली, असंच आपल्याकडे सांगतात.

त्या मुलीचं उत्तर

आता परत शाळेत येऊ. ‘त्या राजाच्या मुलीचं काय झालं?’

मी घरी येऊन शोधलं. जावयाचं नाव आहे. मारेकऱ्याचं नाव आहे. तलवारींचं वर्णन आहे. मुलगी मात्र लढाईचं कारण म्हणून येते आणि लढाई सुरू झाली की गोष्टीतून निघून जाते. मी ऐकलेल्या कुठल्याही सांगण्यात ती परत आलेली नाही.

मी त्या शाळेत पुन्हा गेलो तेव्हा तिला हेच सांगितलं. सांगणाऱ्यांनी लक्षात ठेवलं नाही, असं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मंग तुम्ही सांगताना तेवढं तरी सांगत जा.’

तेव्हापासून सांगतो. आजही सांगितलं.

मला हे महत्त्वाचं का वाटतं, ते सांगून संपवतो. गोंड राजांचा इतिहास पाठ्यपुस्तकात ओळ-दोन ओळीत येतो. त्यामुळे तो मिळेल तसा, मोठ्या आवाजात सांगायचा मोह होतो. चाळीस हजार फौज, उडणारी तलवार, त्रेसष्ट वर्षांचा राजा. पण आपल्या राजांना वाढवून सांगायची गरज नाही. मुघल कागदांत ते आहेत. वैरागडला आहेत. धानाच्या बांधीत पाणी सोडताना आहेत. शंका काढली म्हणून ते लहान होत नाहीत. उलट तारखा नीट लावल्या तर यादीत हरवलेली एक राणी परत मिळते.

चैत्रात महाकालीची जत्रा भरते. नांदेड-परभणीकडून, तेलंगणातून माणसं येतात, झरपटमध्ये अंघोळ करून देवीला जातात. त्यांतल्या बहुतेकांना बीरशहा माहीत नाही, आणि असायला पाहिजे असंही नाही. पण तुम्ही चंद्रपूर-गडचिरोलीचे असाल तर यंदा गेलात की एक करा. दर्शन झालं की बाहेर येऊन वर पाहा. सोबतच्या पोरांना ते शिर दाखवा, गोष्ट सांगा, अगदी रंगवून सांगा. मग तिथून समाध्यांकडे चला आणि सांगा की हे दोन्ही एकाच बाईने बांधलं. इको-प्रोच्या मुलांनी परकोटाच्या बुरुजांवरची झाडंझुडपं काढून साफसफाई केली, २०१७ मध्ये ‘मन की बात’मध्येही त्यांचं नाव आलं. त्यामुळे कोटावरून चालणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही.

आणि पोरांपैकी कोणी विचारलं, की मुलीचं काय झालं, तर दटावू नका. गोष्टीत जिथे भोक आहे तिथे बोट ठेवणारं पोर तुमच्या घरात आहे, याचा आनंद माना.

तुमच्या गावच्या तलावाची, बोडीची, पाळीवरच्या देवाची काही गोष्ट असेल, विशेषतः आजीकडून ऐकलेली, तर ती लिहून किंवा आवाजात पाठवा. आणि बीरशहाच्या मुलीचं पुढे काय झालं हे तुमच्या घरात कोणी सांगत असेल, तर ते तर नक्की पाठवा. आरमोरी तालुक्यात एक जण वाट बघतेय.

भेटू पुढच्या भागात. जोहार.